अप्रीतीचा गुन्हा



पुण्याच्या सार्वजनिक जीवनात एखाद्या कायद्याच्या कलमाचा आकडा घरोघर ठाऊक झाला असेल, तर तो भारतीय दंडसंहितेच्या १२४-अ या कलमाचा होय. आपण त्यास राजद्रोहाचे कलम म्हणतो, आणि लोकमान्य टिळकांवरील खटल्यांच्या योगाने हा राजद्रोह शब्द आपल्या कानास इतका परिचित झाला आहे, किंबहुना काही काळ तो भूषणाचा शब्द झाला होता, की मूळ कायद्यात काय लिहिले होते हे पाहण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. ते इंग्रजी कलम उघडून पाहिले, तर ज्या 'सेडिशन' शब्दाकरिता आपण राजद्रोह म्हणतो तो शब्द कलमाच्या अंगात कोठेच नसून केवळ समासातील मथळ्यात आहे असे आढळून येते. कलमाचा सारा भार पडला आहे तो 'डिसअफेक्शन' या दुसऱ्याच शब्दावर. सरकारविषयी प्रजेच्या मनात 'डिसअफेक्शन' उत्पन्न करणे अथवा उत्पन्न करण्याचा प्रयत्न करणे, हा तो अपराध. मराठीत त्यास अप्रीती म्हणावे लागते. या एका शब्दाचा अर्थ काय, यावर १८९७ पासून पुढे पन्नास-साठ वर्षे न्यायाधीशांनी, वकिलांनी आणि आरोपींनी वाद घातला. त्या वादात पुण्याच्या दोन थोर पुरुषांचा भाग मोठा आहे, आणि त्यांपैकी एकाचे म्हणणे आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. त्या विस्मृत मतासंबंधाने मुख्यतः बोलावे, या हेतूने मी हा विषय निवडला.

प्रथम शब्दांचा थोडासा पूर्ववृत्तान्त सांगतो. 'सेडिशन' हा लॅटिनातून आलेला शब्द असून त्याचा धात्वर्थ बाजूला निघून जाणे, फुटून वेगळे होणे असा आहे. म्हणजे त्यात निदान एक कृती आहे. 'डिसअफेक्शन'चे तसे नाही. 'अफेक्शन' म्हणजे मनाचा ओढा, ममत्व. त्यास अभावाचा उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध झाला. सतराव्या शतकातील इंग्रजीत त्याचा एक अर्थ शरीरातील बिघाड, विकार असाही होता, आणि १७५५ साली जॉन्सनने आपला कोश प्रसिद्ध केला तेव्हा मनातील नावड, राजाविषयी उत्साह नसणे आणि देहाचा विकार अशा तिन्ही अर्थांची नोंद केली. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर पदच्युत राजवंशाकडे ज्यांचा ओढा राहिला, त्यांस इंग्लंडात याच शब्दाने ओळखीत असत. गादीवर एक राजा बसला आहे आणि मन दुसऱ्याकडे आहे, अशा माणसाचे ते वर्णन होते. हिंदुस्थानात हा शब्द आला तेव्हा येथे गादीवर बसलेला राजा सहा हजार मैल दूर होता, आणि त्याच्यावर प्रीती करण्याचा प्रसंग प्रजेस कधी आलेलाच नव्हता.

आता आपल्याकडील जुनी भाषा पाहा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत राज्याविरुद्धच्या अपराधास शब्दांची वाण नाही. फितवा, फितुरी, बंड, बदअमल, बेइमानी, हरामखोरी, निमकहरामी हे शब्द दप्तरांत पावलोपावली भेटतात. संस्कृताकडून स्वामिद्रोह आणि राजद्रोह हेही आहेत. हे शब्द निरखून पाहिले, तर त्यांतील प्रत्येकाच्या मुळाशी काही घडलेली गोष्ट अथवा काही ठरलेले नाते आहे, असे दिसते. फितुरी म्हणजे शत्रूकडे संधान बांधणे. बेइमानी म्हणजे बेलभंडार उचलून, शपथक्रिया करून दिलेला इमान मोडणे. निमकहरामी म्हणजे ज्याचे मीठ खाल्ले, ज्याचा सरंजाम अगर वतन उपभोगले, त्याच्यावर उलटणे. संस्कृतातील द्रोह शब्द ज्या द्रुह् धातूपासून आला, त्याचा अर्थही अपकार करणे, घात करणे असाच आहे. धन्याविषयी ज्याच्या मनात प्रेम नाही, परंतु जो मुकाट्याने चाकरी बजावतो आणि सारा भरतो, त्याच्याकरिता या सबंध शब्दसंग्रहात एकही शब्द मला सापडलेला नाही. ती पेशव्यांची उदारता होती, असे मी म्हणणार नाही, कारण त्या राज्यातील शिक्षा क्रूर असत आणि संशयावरूनही माणसे किल्ल्यावर घातली जात. मला एवढेच दिसते की, रयतेच्या मनातील प्रीती हा सरकारने मागावयाचा ऐवज आहे, ही कल्पनाच त्या काळी नव्हती.

ही कल्पना आली मेकॉलेच्या मसुद्याबरोबर. १८३७ साली कायदा आयोगाने तयार केलेल्या दंडसंहितेच्या खर्ड्यात ११३ वे कलम अप्रीतीविषयी होते. १८६० साली संहिता मंजूर होऊन १८६२ च्या आरंभी अमलात आली, तेव्हा हे कलम तीतून गळलेले होते. दहा वर्षांनी सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते नजरचुकीने राहून गेल्याचे सांगून १८७० च्या २७ व्या कायद्याने १२४-अ म्हणून दाखल केले. वहाबी पंथीयांच्या चळवळीची धास्ती त्या वेळी सरकारच्या मनात होती. कलमास एक स्पष्टीकरण जोडलेले होते, ते महत्त्वाचे आहे: सरकारच्या एखाद्या उपायाविषयी नापसंती दर्शविणे, परंतु सरकारच्या कायदेशीर अधिकारास मान देण्याची वृत्ती कायम ठेवणे, ही अप्रीती नव्हे. यावरून कायदा करणाऱ्यांच्या मनात अप्रीती म्हणजे आज्ञाभंगाकडे, प्रतिकाराकडे झुकलेली वृत्ती असा अर्थ असावा, असे कोणाही सरळ वाचकास वाटेल. पुढे वीस वर्षे या कलमाचा फारसा बोलबाला झाला नाही. १८९१ साली संमतिवयाच्या बिलावर कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्राने झोड उठविली, तेव्हा त्याच्या चालकांवर खटला झाला, आणि मुख्य न्यायमूर्ती पेथरम यांनी ज्यूरीस सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजेच तिटकारा अथवा द्वेष. ज्यूरीचे एकमत झाले नाही, चालकांनी माफी मागितली आणि खटला सोडून देण्यात आला. ज्या बिलावरून पुण्यात त्या वर्षी सुधारक आणि सनातनी यांच्यात रण माजले होते, त्याच बिलाच्या निमित्ताने या शब्दाची पहिली व्याख्या व्हावी, ही घटना मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर १८९७ साल उजाडले. त्या वर्षीच्या पुण्याचे वर्णन या शहरातील श्रोत्यांपुढे विस्ताराने करण्याचे कारण नाही. प्लेगाचा कहर, प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, माणसे बाहेर काढून छावण्यांत नेण्याचा धाक, आणि या साऱ्याने पोळलेले लोकमत. जूनच्या मध्यास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात प्राध्यापक भानू यांनी अफझलखानाच्या प्रसंगावर व्याख्यान दिले, टिळकांचे अध्यक्षीय भाषण झाले, आणि १५ जूनच्या 'केसरी'त उत्सवाचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. महिन्याभराने पुण्याच्या नातू बंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखाली चौकशीवाचून अटकेत टाकले गेले, आणि २७ जुलैच्या रात्री टिळकांस मुंबईत पकडण्यात आले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांस जामिनावर सोडले. त्या जामिनाच्या अर्जाचे काम ज्या बॅरिस्टरांनी चालविले, ते दिनशा दावर अकरा वर्षांनी न्यायासनावर बसून याच माणसास हद्दपारीची शिक्षा सांगणार होते.

सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सरकारपक्षाने लेखांचा खुनाशी प्रत्यक्ष संबंध जोडला नव्हता. तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच की, त्या लेखांनी सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याचा प्रयत्न केला किंवा नाही, आणि मुळात अप्रीती म्हणजे काय. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीस जे समजावून दिले, त्याचा मथितार्थ असा: अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, तीत द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीची हरतऱ्हेची दुर्भावना येते, ती किती तीव्र आहे हे शिक्षेच्या प्रश्नापुरते पाहावयाचे, अपराधाच्या प्रश्नास तीव्रतेचे महत्त्व नाही, आणि तिच्यापासून दंगा अथवा बंड प्रत्यक्ष उद्भवले नाही, अथवा तसे उद्भवावे अशी लेखकाची इच्छाही नव्हती, तरी अपराध पुरा होतो. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 'केसरी'चे मुद्रक केशव महादेव बाळ यांस निर्दोषी म्हणून सोडून देण्यात आले. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांतर्फे ॲस्क्विथ उभे राहिले, परंतु अपिलाची परवानगी मिळाली नाही.

या व्याख्येचा परिणाम काय होता, तो नीट ध्यानात घ्यावा. प्रीती ही मनाची अशी अवस्था आहे की ती मागून मिळत नाही, आणि तिचा अभाव हा बहुसंख्य माणसांच्या बहुसंख्य माणसांशी असलेल्या संबंधाचा नेहमीचा प्रकार आहे. शेतकऱ्यास मामलेदाराविषयी प्रेम नसते, म्हणून काही तो बंडखोर ठरत नाही. तो त्यास मुजरा करतो, हप्ता भरतो आणि घरी जातो. स्ट्रॅचींची व्याख्या तिच्या शब्दशः अर्थाने लावली, तर हा साधा उदासीन माणूस अपराधाच्या विषयाचा वाहक ठरतो, आणि त्याच्या उदासीनतेस कारणे पुरविणारा प्रत्येक लेखक अपराधी ठरतो. मग प्लेगाच्या जुलमाची खरी हकीगत छापणे हाही गुन्हाच, कारण खरी हकीगत वाचून कोणाचे सरकारवरील प्रेम वाढणार होते? नापसंती चालेल, अप्रीती चालणार नाही, असे म्हणणे कागदावर सोपे असते. परंतु ज्याच्या घरातील आजारी माणूस शिपायांनी उचलून नेला, त्याच्या मनात या दोहोंमधील सीमा कोणी आखावयाची?

हा निकाल लागल्यानंतर तीन-चार महिन्यांच्या आतच, त्याच मुंबई उच्च न्यायालयात हाच प्रश्न पुन्हा आला. सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर येथे 'प्रतोद' नावाचे पत्र निघत असे. त्यात कॅनडाच्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेसंबंधाने एक लेख आला, त्यावरून खटला होऊन साताऱ्याच्या सेशन न्यायालयाने जबर शिक्षा ठोठावली, आणि अपील मुंबईस गेले. ते ऐकावयास पूर्णपीठ बसले: मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

रानड्यांच्या हाती हा शब्द यावा, यात मला इतिहासाची एक विलक्षण योजना दिसते. १८७९ च्या उन्हाळ्यात वासुदेव बळवंतांच्या बंडाची धामधूम चालू असता पुण्यात बुधवारवाड्यास आग लागली, आणि त्यानंतर सरकारने रानड्यांची तडकाफडकी धुळ्यास बदली केली. तेथे त्यांचे टपाल तपासले जात असे. त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींतून ती हकीगत मराठी वाचकांस ठाऊक आहे. सार्वजनिक सभेचा हा मार्गदर्शक, सनदशीर अर्जविनंत्यांचा आचार्य, ज्याने उभ्या आयुष्यात कायद्याबाहेर पाऊल टाकले नाही, त्याच्याच मनात सरकारविषयी अप्रीती असावी असा संशय सरकारने धरला होता. त्या संशयाखाली वावरलेला मनुष्य अठरा वर्षांनंतर न्यायासनावरून अप्रीती म्हणजे काय ते सांगावयास बसला.

त्यांनी सांगितले ते असे. अप्रीती म्हणजे प्रेमाचा अथवा सदिच्छेचा केवळ अभाव नव्हे. ती भावरूप वस्तू आहे. राजकीय देहाचा तो एक विकार आहे. तीत सत्तेविषयी खरीखुरी विमुखता असते. ती बेइमानीच्या जवळ जाणारी, उघडपणे अधिकार झुगारणारी असते, आणि उघड नसेल तेव्हा गुप्तपणे लोकांची मने सरकारपासून तोडून निष्ठेचे बंधन सैल करू पाहणारी असते. पार्सन्स यांनीही स्वतंत्र निकालपत्रात प्रीतीचा अभाव हा अर्थ नाकारला. रानड्यांनी विकार हा शब्द योजला, तो मला फार सूचक वाटतो, कारण जॉन्सनच्या कोशातील तो जुना, देहाविषयीचा अर्थ त्यात जागा झाला आहे. निरोगी शरीर म्हणजे सर्वदा आनंदी शरीर नव्हे; तसेच ज्या राज्यात प्रजा कुरकुरते, रुसते, सरकारावर नाराज असते, तेथे देहाचा व्यापार चालू आहे, रोग झालेला नाही. रोग वेगळा आणि तो ओळखण्याची लक्षणे वेगळी, असे त्यांस म्हणावयाचे होते.

येथे सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रानड्यांच्या या व्याख्येने 'प्रतोद'च्या चालकांची सुटका झाली नाही. तिन्ही न्यायाधीशांनी अपराध कायम ठेवून शिक्षा मात्र पुष्कळ कमी केली. आपल्याच नवीन मापाने मोजून रानड्यांनी त्या लेखात विकार पाहिला, आणि टिळकांच्या लेखांविषयी त्यांचे मत त्यांनी न्यायासनावरून सांगण्याचा प्रसंगच नव्हता. त्यांच्या राजकीय विरोधकांस तेव्हा ही व्याख्या फार मिळमिळीत वाटली असेल तर नवल नाही. परंतु न्यायशास्त्रात व्याख्येचे मोल एका आरोपीच्या सुटकेवरून ठरत नसते. स्ट्रॅचींच्या व्याख्येत सरकारास हवी ती प्रत्येक गोष्ट मावत होती. रानड्यांच्या व्याख्येत सरकारास काहीतरी सिद्ध करावे लागत होते. माझ्या मते त्या दशकातील आपल्या राजकारणातील हा एक मोठा विजय होता, आणि तो सभेत मिळालेला नसल्यामुळे कोणी त्याच्या मिरवणुका काढल्या नाहीत.

सरकारने हा वाद कायद्यानेच मिटवावयाचे ठरविले. १८९८ च्या चौथ्या कायद्याने १२४-अ नव्याने लिहिले गेले; त्यात द्वेष आणि तिरस्कार हे शब्द आले, आणि अप्रीती या शब्दात बेइमानी व वैराच्या सर्व भावना यांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण घालण्यात आले. त्याच कायद्याने १५३-अ हे कलमही जन्मास घातले. 'समावेश होतो' हे शब्द पाहावे. प्रीतीचा अभाव हा अर्थ कायदे करणाऱ्यांनी लिहून घेतला नाही, आणि पुसूनही टाकला नाही. स्ट्रॅची आणि रानडे या दोघांनाही दार अर्धवट उघडे ठेवले.

यापुढील दहा वर्षांत मराठी गद्यावर या शब्दाचा जो परिणाम झाला, त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. भावनाच जेव्हा अपराध ठरते, तेव्हा लेखकास ती भावना कागदावर न उतरविता वाचकाच्या मनात उतरविण्याची विद्या हस्तगत करावी लागते. शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ' पत्रातील वक्रोक्ती ही अशा रीतीने घडलेली आहे. जे म्हणावयाचे त्याच्या उलट म्हणावयाचे, स्तुतीच्या आवरणात निंदा ठेवावयाची, आणि पुराणातील, इतिहासातील, परदेशातील दाखले देऊन वाचकास आपला अर्थ आपण काढावयास लावावयाचा. प्रतिभा त्यांची होती, यात शंका नाही. परंतु त्या प्रतिभेने जे वळण घेतले, त्यास या कलमाचा बांध कारण झाला. १९०८ साली त्यांनाही या कलमाखाली एकोणीस महिन्यांची शिक्षा झालीच. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कोठेही इंग्रजांचा उल्लेख नाही, तरी प्रेक्षकांनी कीचकास ओळखले, सरकारनेही ओळखले, आणि १९१० साली नाटकाच्या प्रयोगांवर बंदी आली. विराटाच्या दरबारातील सैरंध्रीची विटंबना पाहून थिएटरात जी भावना उठे, तीस कायद्याच्या भाषेत अप्रीती म्हणत.

१९०८ चा खटला आपणांस १८९७ पेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून त्यातील एका अंगाविषयीच बोलतो. १२ मे आणि ९ जून १९०८ च्या 'केसरी'तील लेखांवर तो उभारलेला होता. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतरचे ते दिवस. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थ होते. लेख मराठीत, आणि ते ज्यूरीपुढे आले सरकारी भाषांतराच्या रूपाने. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला; सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणात जो मुद्दा त्यांनी वारंवार मांडला तो असा की, मराठी शब्दाचा जो सौम्य अथवा रूढ अर्थ मराठी वाचकाच्या मनात येतो, त्याच्या जागी कोशातला कठोर इंग्रजी शब्द घातला म्हणजे लेखाचा सूर बदलतो, आणि मग त्या बदललेल्या सुरावरून लेखकाचा हेतू ठरविला जातो. हा मुद्दा वकिली डावपेचाचा होता, असे मानणारे तेव्हाही होते. मला तो अपराधाच्या स्वरूपातूनच अपरिहार्यपणे निघालेला वाटतो. खुनाच्या खटल्यात प्रेत असते, चोरीच्या खटल्यात माल असतो; साक्षीदाराची भाषा न कळली तरी मुद्देमाल बोलतो. अप्रीतीच्या खटल्यात लेखातील शब्दांखेरीज दुसरा मुद्देमालच नाही. मग ज्या भाषेत ते शब्द लिहिले, ती भाषा ज्यांस येत नाही, त्यांनी हजारो वाचकांच्या अंतःकरणात त्या शब्दांनी कोणती भावना उठली असेल, हे ठरवावे कसे? सरकारपक्षासही ही उणीव जाणवली असली पाहिजे, कारण टिळकांच्या घरझडतीत सापडलेले एक कार्ड, ज्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती, ते पुराव्यात आणण्यात आले. भावनेच्या खटल्यास कोठेतरी वस्तूचा टेकू लागला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, दावरसाहेबांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली, आणि पुढचा इतिहास मंडालेचा आहे.

१९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून टिळकांवर तिसऱ्यांदा तोच प्रसंग आला. या वेळी खटला भरण्याऐवजी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटाने चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना यांनी काम चालविले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. एखाददुसरे झोंबणारे वाक्य वेचून न काढता भाषणे समग्र वाचावी आणि त्यांचा एकंदर परिणाम पाहावा, अशी त्यांची दृष्टी होती. राज्यकारभाराची पद्धत बदलून मागणे निराळे आणि सरकारविषयी वैर पसरविणे निराळे, हे त्यामुळे मोकळेपणाने म्हणता येऊ लागले.

१९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींनी तर सारा वादच उलटा केला. 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल त्यांनी अपराध कबूल केला, आणि प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही अथवा कायद्याने तिचे नियमन करता येत नाही, या अर्थाचे निवेदन न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे वाचले. स्ट्रॅचींचा अर्थ त्यांनी जसाच्या तसा मान्य केला, आणि असा हा अपराध असेल तर तो करणे मी पुण्यकर्म समजतो, असे सांगितले. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तेवढीच, सहा वर्षांची सजा दिली. ती भोगण्यास त्यांस आणले आपल्या येरवड्यास. आणि १९२४ च्या जानेवारीत आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली ती ससून रुग्णालयात. टिळक न्यायालयात या शब्दाच्या अर्थाशी झुंजले, रानड्यांनी त्यास मर्यादा घातली, गांधींनी तो शिरोधार्य मानून त्याची धार बोथट केली. या तिन्ही रीतींत श्रेष्ठ कोणती, असे मला विचाराल तर राजकारणात गांधींची रीत अधिक परिणामकारक ठरली, हे उघड आहे. परंतु स्वराज्य आल्यावर, जेव्हा तुरुंगात जाणे हे सत्याग्रहाचे साधन राहत नाही आणि सामान्य लेखकास केवळ न्यायालयाचाच आसरा असतो, तेव्हा उपयोगी पडते ती रानड्यांची रीत.

तसेच घडले. १९४२ साली फेडरल न्यायालयाने, सार्वजनिक शांततेचा भंग अथवा तसा भंग होण्याचा संभव हे या अपराधाचे मर्म आहे, असे ठरविले. १९४७ च्या आरंभी सदाशिव नारायण भालेराव यांच्या मुंबईकडील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते मत खोडून काढून टिळकांच्या पहिल्या खटल्यातील अर्थ पुन्हा गादीवर बसविला. स्वातंत्र्यास तेव्हा सहा महिने उरले होते. १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत कन्हैयालाल मुनशींच्या सूचनेवरून भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून 'सेडिशन' हा शब्द वगळण्यात आला, पण दंडसंहितेतले कलम जागच्या जागी राहिले. १९६२ च्या जानेवारीत केदारनाथ सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे दोन मार्ग होते: प्रिव्ही कौन्सिलचा अर्थ घेतला तर कलम घटनाविरोधी ठरले असते, फेडरल न्यायालयाचा घेतला तर वाचले असते. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांच्या पीठाने दुसरा मार्ग घेतला, आणि हिंसेस चिथावणी किंवा अव्यवस्था माजविण्याचा उद्देश अथवा कल असेल तरच अपराध, असा निर्बंध घालून कलम जिवंत ठेवले. म्हणजे स्ट्रॅचींची व्याख्या गेली. परंतु ती पासष्ट वर्षांनी गेली, आणि तोवर तिने आपले काम उरकून घेतले होते.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ खालील कारवाया स्थगित ठेवण्याचा आदेश दिला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्यावर दंडसंहिताच इतिहासजमा झाली. नव्या संहितेत अप्रीती हा शब्द नाही. त्याच्या जागी जे १५२ वे कलम आले आहे, ते देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांस धोका पोहोचविणाऱ्या कृत्यांविषयी आहे; त्यात फुटून निघणे, सशस्त्र बंड आणि विध्वंसक कारवाया यांस चिथावणी देण्याचा उल्लेख आहे, आणि त्यांच्याच ओळीत फुटीर कारवायांच्या भावनांस उत्तेजन देण्याचाही उल्लेख आहे. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कारावास, शिवाय दंड. कृत्यांच्या या यादीत भावना हा एक शब्द पुन्हा येऊन बसलेला आहे. त्या भावनेचे स्वरूप काय, ती किती तीव्र असावी, ती कृतीच्या किती समीप यावी लागते, तिचा केवळ अभाव वा केवळ नाराजी पुरेशी आहे काय, हे प्रश्न या शब्दाविषयी आपल्या न्यायालयांपुढे यावयाचेच आहेत. ते येतील तेव्हा वकिलांनी मुंबईच्या 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'चा बाविसावा खंड काढावा, एवढी माझी विनंती आहे. 'प्रतोद'चा निकाल त्यात छापलेला आहे, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या व पार्सन्स यांच्या मतांबरोबर न्यायमूर्ती रानड्यांचे मतही त्यात आहे.